सासूबाई दमतात तिथे बाक

जावईबापूंनी सासूला घराबाहेर काढलं, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या दुधाबरोबर आली. म्हातारी बिचारी दिवसभर रस्त्यावर बसून असते, ऊन म्हणत नाही, वारा म्हणत नाही, आणि हा गडी घरात पाय पसरून चहा ढोसतो. दुपारपर्यंत बातमीला शेपूट फुटलं: घरही स्वतःच्या नावावर करून घेतलं म्हणे. संध्याकाळपर्यंत एकीने तर म्हातारीला डोळे पुसताना प्रत्यक्ष पाहिलंही होतं.

यातलं रस्त्यावर बसण्याचं तेवढं खरं. सासूबाईंना कोणी बाहेर काढलं नव्हतं. त्या घरात सापडतच नव्हत्या, ही खरी अडचण होती. घराची किल्ली त्यांच्या पिशवीत आणि पिशवी त्या असतील तिथे. त्यामुळे घराबाहेर काढलंच असेल कोणाला तर जावईबापूंना. ऑफिसातून आले की स्वतःच्याच दाराच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि सासू फिरून कधी येते याची वाट बघायचे. डोळे पुसण्याचं म्हणाल, तर तेही खरं. पण ते हसून हसून आलेलं पाणी होतं.

जावईबापू हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. नाव नगरपालिकेत नियोजन विभागाच्या दारावर रंगवलेलं आहे, पण त्या दाराला कपाट टेकवून ठेवल्याने ते कोणी वाचलेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी ते इथे बदलून आले, याच घराच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिले, आणि खाली उतरले ते जावई होऊन. बायको एकुलती एक, सासरे लवकर गेलेले, मग पुन्हा वर जाण्यात अर्थ नव्हता. गल्लीने जावईबापू म्हटलं, गल्लीचं ऐकून बाजाराने म्हटलं, आणि आता नगरपालिकेतला शिपाईसुद्धा "जावईबापू, साहेबांनी बोलावलंय" असं म्हणतो. अख्ख्या शहराचा जावई, पण मान काही वाढलेला नाही.

माणूस उंच, जरा वाकलेला, आणि तोंडात कायम मिठाची गुळणी धरल्यासारखा. तुम्ही चार वाक्यं बोललात तर उत्तरादाखल "हं" मिळेल, आणि तेही विचार करून. शर्टाच्या खिशात खडू. कुठेही जाता जाता वाकायचे, जमिनीवर फुली मारायची आणि पुढे निघायचं. सुरुवातीला लोकांना वाटलं, काहीतरी उतारा टाकतोय. पुढे त्या फुल्यांवर दिव्याचे खांब उगवले आणि लोकांची भीती गेली.

सासूबाईंना मात्र जावयाचं हे गप्प बसणं पसंत नव्हतं. "आमचे जावई फार हुशार," त्या सांगायच्या, "म्हणजे असणार. बोलले की कळेल."

आता हे शहर. लहान होतं तोवर गुणी होतं. मग वेशीबाहेर कारखाना आला, त्याच्यामागून कॉलेज, कॉलेजामागून मोठं हॉस्पिटल, आणि बघता बघता शहराला मिसरूड फुटलं. सगळं वाढलं, बाजाररस्ता तेवढाच राहिला. वाढत्या पोराला मागच्या वर्षीची चड्डी घालावी तसा. पदपथ होता, पण नकाशात. जमिनीवर त्या जागी फरश्यांचे ढीग, कपड्याच्या दुकानातला मुंडकं नसलेला पुतळा आणि लावलेल्या गाड्या. म्हणजे ज्यांना चालायचं ते रस्त्याच्या मधून, आणि ज्यांना उभं राहायचं त्या गाड्या पदपथावर. लोकांना तर चालायची सवयच राहिली नव्हती. वही एका दुकानातून घेतली आणि पेन समोरच्या दुकानात मिळतं असं कळलं, की माणूस गाडी सुरू करायचा, पूर्ण बाजार फिरून वळसा घालायचा आणि समोर येऊन उतरायचा.

याच रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी एका स्कूटरच्या आरशात सासूबाईंच्या पिशवीचा बंद अडकला आणि त्या भर बाजारात बसल्या. लागलं काहीच नाही. पण आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना गर्दी करून पाहिलं, त्यांच्याभोवती त्या दिवशी गर्दी झाली. कोणीतरी "आजी, जपून" म्हणालं. ते "आजी" त्यांना स्कूटरपेक्षा जास्त लागलं. घरी आल्या, पिशवी खुंटीला लावली, आणि म्हणाल्या, "आता ही खुंटी आणि ही पिशवी. मी बाहेर पडायची नाही."

आणि खरंच पडल्या नाहीत. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची जन्माची मैत्रीण टेलरकाकू राहायची. तिच्याकडे जाणं बंद झालं. तिचे गुडघे असे, की तिचं येणं आधीच बंद होतं. फोनवर दोघी इतक्या मोठ्याने बोलायच्या, की फोनची गरज काय, असं गल्लीला वाटायचं. पुढे पुढे तेही कमी झालं. सांगायला काही पाहिलेलं असावं लागतं, आणि सासूबाईंना बघायला उरले होते फक्त जावईबापू.

दारामागच्या बोळात त्यांनी खुर्ची मांडली. तिथून स्वयंपाकघर, पायरी आणि जावयाची खोली, तिन्ही एका नजरेत यायची. जावईबापूंनी बनियनवर पायरीवर बसून चहा घ्यायचा, ही त्यांची दिवसातली एकमेव ऐश. आता त्या चहाला पाठीमागून धावतं वर्णन सुरू झालं.

"दुसरा कप ना हा, जावईबापू?"

"हं."

"बनियनला भोक आहे. खाली, डावीकडे. तुम्हाला दिसायचं नाही, मला दिसतं."

बायको हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या वेगवेगळ्या. तिला एकदा जावईबापू म्हणाले, "आई खंगल्यात." ती म्हणाली, "आणि तू?" तेव्हा त्यांनी आणखी एक कप ओतून घेतला. पण आईंचं खंगणं खरं होतं. चार दिवस सासूबाईंनी बनियनकडे दुर्लक्ष केलं, तेव्हा जावईबापूंना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

त्याच सुमाराला बाजाररस्त्याचा प्रश्न नगरपालिकेपुढे आला. व्यापारी संघाचे अध्यक्ष फरशीशेठ. फरश्या, नळ, बेसिनं आणि संडासाची भांडी विकणारं शहरातलं सर्वांत मोठं काचेचं दुकान त्यांचं. त्यांचं म्हणणं, उरलेला पदपथही काढा आणि गाड्या लावायला जागा करा. जावईबापूंनी आयुष्यात पहिल्यांदा सभेत हात वर केला. म्हणाले, "गाड्या बाहेर ठेवू. माणसं आत सोडू." एवढंच. सभेत इतकी शांतता पसरली, की नगराध्यक्षांना ते महत्त्वाचं वाटलं.

नगराध्यक्षा म्हणजे पूर्वीच्या मुख्याध्यापिका. अर्धी सभा त्यांच्या हाताखालून गेलेली, फरशीशेठ तर दोनदा, एकाच इयत्तेत. शहर त्यांना अजून "बाई"च म्हणतं. बाई म्हणाल्या, "तीन महिने करून बघू. जमलं तर कायम. नाही जमलं तर शेठचं ऐकू. आणि जावईबापू, नुसता रस्ता मोकळा करून कोणी येत नाही. माणूस दमायच्या आत बसायला जागा लागते. कुठे बसवणार बाकं?"

हा प्रश्न ऑफिसात कोणाला सुटेना. माणूस चालताना कुठे दमतो, हे ज्याला सांगता येईल असं कोणी ऑफिसात नव्हतंच. समोरच्या चहावाल्याकडेही सगळे गाडीवरून जात. तेव्हा जावईबापूंना बोळातली खुर्ची आठवली.

"आई, बाजारात चालायचंय. सरकारी काम आहे."

"मग सरकारला चालू दे."

"रस्ता तासभर बंद ठेवू. एक गाडी येणार नाही."

"मी नाही म्हणाले ना."

तेव्हा बायकोने भाजी निवडता निवडता सहज म्हटलं, "जाऊ दे रे. टेलरकाकू पण म्हणाल्या, आईला आता नाही झेपायचं."

सासूबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली.

सोमवारी भर सकाळी बाजाररस्त्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या लागल्या, शिट्टी घेऊन पोलीस उभा राहिला. कोणीतरी मंत्री येतोय अशी हवा पसरली. दुकानदार दारात येऊन उभे राहिले. आणि आल्या सासूबाई, पिशवी हातात, मान ताठ. मागून दहा हातांवर जावईबापू खडू घेऊन. त्या थांबल्या की हे वाकायचे, फुली मारायची. त्या निघाल्या की हे निघायचे. दोन वर्षांनी पाहिलेला बाजार त्यांनी असा पाहिला, की मंत्री काय पाहील.

फुल्या मात्र विचित्र पडल्या. सुरुवातीलाच एक, फोटो स्टुडिओसमोर. मग दातांच्या डॉक्टरांच्या दाराशी. मग लांबच लांब काही नाही. मग बंद छापखान्यासमोर बराच वेळ. परत येताना गल्लीच्या तोंडाशी, घर चार पावलांवर आलेलं असताना, फरशीशेठच्या काचेसमोर सर्वांत जास्त वेळ.

जावईबापू हबकले. माणूस दारात येऊन इतका दमतो? त्यांनी बायकोला सांगितलं. तिने दोघांचा रक्तदाब घेतला. सासूबाईंचा उत्तम निघाला, जावईबापूंचा वाढलेला. मग त्यांना वाटलं, रस्त्यालाच चढ असेल. यंत्र लावून पाहिलं. रस्ता परातीसारखा सपाट. तरी सासूबाई खोट्या पडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी अहवालात लिहिलं: "सदर ठिकाणी सूक्ष्म चढ असून पादचाऱ्यास थकवा जाणवतो." सूक्ष्म हा शब्द वाचून सभेत कोणी पुढे काही विचारलं नाही. फुल्यांवर बाकं बसली.

पहिला आठवडा घोडं पेंडच खात होतं. रस्ता मोकळा, दुकानं मोकळी, दुकानदार हातावर हात ठेवून. फरशीशेठनी एक संडासाचं भांडं उचलून बाहेर बाकाशेजारी ठेवलं आणि त्यावर पाटी लावली: "आवडल्यास चालत घेऊन जा."

हीच पाटी वाचून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवशी त्या "बघू तरी किती वाटोळं केलंय जावईबापूंनी" असं म्हणून बाहेर पडल्या होत्या. बाकाबाकाने थांबत टेलरकाकूही तिकडून निघाली होती, गुडघे धरून, पण आली. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा गळ्यात वगैरे पडल्या नाहीत.

टेलरकाकू म्हणाली, "जाड झालीस."

सासूबाई म्हणाल्या, "तुला लांबचं दिसायला लागलं, बरं झालं."

मग दोघींनी पाटी वाचली आणि बसल्या त्या बसल्याच. त्या बसलेल्या पाहून आणखी दोघी बसल्या. बसलेल्या पाहून भुईमूगवाला आला. भुईमूगवाल्याला पाहून कॉलेजची पोरं आली. तिसऱ्या आठवड्यात लोक मुलांची बोटं सोडून चालायला लागले, आणि बाजारात कोणी कोणाला हाक मारली तर ऐकू जायला लागली. याच सुमाराला ती सासूला बाहेर काढल्याची बातमी निघाली. जावईबापूंच्या कानावर आली तेव्हा ते पायरीवरच बसले होते. "हं," म्हणाले, आणि किल्लीची वाट बघत राहिले.

सगळ्या दुकानांत वर्दळ वाढली, फरशीशेठकडेही. पण त्यांच्या दारात बाक होतं, आणि बाकावर सासूबाई. दुकान काचेचं. आतलं गिऱ्हाईक बाहेर दिसायचं आणि बाहेरचं मत उघड्या दारातून आत जायचं. एक नवं जोडपं काळ्या फरशीचा सौदा पक्का करत होतं. सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "काळी घेताय? पाण्याचा थेंबन्‌थेंब दिसतो तिच्यावर. पुसणार कोण, हे?" मुलीने "ह्यां"च्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं. जोडपं विचार करून येतो म्हणून जे गेलं ते गेलंच.

फरशीशेठनी तक्रार ठोकली. बाकं लोकांसाठी नाहीत, जावईबापूंच्या सासूसाठी आहेत. सरकारी रस्त्यावर खासगी सासू. बाकं काढा आणि रस्ता पुन्हा गाड्यांना खुला करा.

तीन महिने संपत आले होते. बाईंनी सभा थेट रस्त्यावर, त्याच बाकापाशी बोलावली. जावईबापू नकाशाची गुंडाळी घेऊन उभे. रात्री त्यांना झोप आली नव्हती. रस्ता गेला तर नोकरीतलं एक काम गेलं, असं ते मनाला सांगत होते. पण डोळ्यांपुढे सारखी ती खुंटी येत होती, तिच्यावर पिशवी, आणि बोळातली खुर्ची.

फरशीशेठ म्हणाले, "बाई, अहवालात काय लिहिलंय? थकवा! विचारा यांच्या सासूबाईंना, इथे दमतात का."

बाई सासूबाईंकडे वळल्या. "इथे येईपर्यंत दमता का हो तुम्ही?"

सासूबाईंनी आधी बाईंकडे पाहिलं, मग शेठकडे, मग जावयाकडे. "दमते? मी? कोणी सांगितलं?"

जावईबापूंच्या हातातली गुंडाळी हळूहळू उलगडत खाली गेली.

"मग चालताना थांबत होतात ते?"

"ते होय? स्टुडिओच्या काचेत अजून त्या दोघांच्या लग्नाचा फोटो आहे. काडीमोड होऊन वर्ष झालं. काढला का, ते बघत होते. दातवाल्याकडून कोण तोंड धरून बाहेर येतं ते नको बघायला? आणि छापखान्यात ह्यांची नोकरी होती." त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. "तिथे थांबायला दमावं कशाला लागतं?"

"आणि इथे?" शेठनी संधी साधली. "माझ्या दुकानासमोर?"

"इथे तर काय विचारायलाच नको. माणूस संडासाचं भांडं निवडताना जितका खरा दिसतो, तितका देवापुढेसुद्धा दिसत नाही."

शेठ जिंकल्यासारखे हसले. "ऐकलंत, बाई? चढ नाही, थकवा नाही. अहवाल खोटा. काढा बाक."

जावईबापूंना काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण गुळणी इतक्या वर्षांची, एका दिवसात थोडीच पडते. शेवटी सासूबाईच बोलल्या, जावयाकडे न पाहता. "बाक काढायचं तर काढा. मी घरातली खुर्ची आणून इथे बसेन. पण परत त्या बोळात बसायची नाही. दोन वर्षं बसले. ह्या माणसाची बनियनं मला पाठ झालीत."

सगळ्यांनी निर्णयासाठी बाईंकडे पाहिलं. बाई उभ्या नव्हत्या. नव्या चपला चावत होत्या, म्हणून त्या मघाशीच टेलरकाकूशेजारी टेकल्या होत्या, आणि त्यांचं लक्ष सभेत नव्हतंच. काचेपलीकडे एक गृहस्थ हातात सोनेरी नळ घेऊन उलटासुलटा करत होता. बाई जरा पुढे झुकल्या, आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तो नका घेऊ! आमच्याकडे आहे. गळतो."

गृहस्थाने नळ खाली ठेवला. शेठनी डोळे मिटले. टेलरकाकूने सरकून बाईंना आणखी जागा करून दिली.

सभा बाकावरच आटोपली. रस्ता चालणाऱ्यांना कायम. बाकं आहेत तिथेच. अहवालातला सूक्ष्म चढ खोडावा. आणि शेठच्या समाधानासाठी एवढंच, की त्यांच्या समोरचं बाक उलटं फिरवावं, दुकानाकडे पाठ करून. "आता तरी गप्प बसशील ना?" बाईंनी शेठना विचारलं. "हो बाई," शेठ म्हणाले.

आठवड्याभरात बाक फिरलं. जावईबापूंनी स्वतः उभं राहून फिरवून घेतलं, आणि ते घट्ट बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्याचं तोंड आता कुठे आहे. गल्लीत. सरळ, आडपडदा काही नाही, पहिल्या घराच्या पायरीवर. म्हणजे त्यांच्या.

पुढच्या रविवारी जावईबापू बनियनवर पायरीला बसले, हातात कप. गल्लीच्या तोंडाशी बाकावर सासूबाई, शेजारी टेलरकाकू, शेंगांचा कागद दोघींच्या मधे. सासूबाईंनी दोन बोटं वर केली. म्हणजे दुसरा कप. टेलरकाकूने स्वतःच्या कमरेशी डावीकडे बोट लावून दाखवलं. म्हणजे भोक. गल्लीतल्या एका आगाऊ माणसाला हे बघवेना, म्हणजे फारच बघवत होतं. तो जवळ जाऊन म्हणाला, "काय हो जावईबापू, एवढा रस्ता केलात, बाकं बसवलीत, आणि शेवटी नजर तुमच्यावरच! मिळवलंत काय?"

जावईबापूंनी चहाचा घोट घेतला, नेहमीसारखा विचार केला, आणि त्या दिवशी "हं" म्हटलं नाही.

"आधी दोन हातांवरून बघायच्या, आता रस्त्यावरून बघतात," ते म्हणाले. "नियोजन म्हणजे आणखी काय असतं?"